चेसिस नंबर सापडत नाही, किंवा आरसीशी जुळत नाही: जुन्या गाड्यांसाठी समस्या निवारण

पंधरा वर्षांची मुदत संपली की खासगी गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि जुन्या गाडीचं घोडं दर वेळी एकाच ठिकाणी अडतं. इन्स्पेक्टर चेसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या लोखंडावर ठोकलेल्या ओळख क्रमांकाची, पेन्सिल प्रिंट (वर कागद ठेवून पेन्सिलीने उठवलेला ठसा) मागतो, मालक बॉनेट उघडतो आणि नंबर काही दिसत नाही. किंवा दिसतो, पण आरसी बुकातल्याशी जुळत नाही. मागच्या पासिंगला होता तो या वेळी गायब, असंही होतं. मध्ये गाडी रंगवून झालेली असते, बाकी काही नाही.

नंबर खरोखर नाहीसा होणं तसं दुर्मीळ. बहुतेक वेळा त्यावर रंग आणि लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) बसलेली असते, किंवा आपण भलत्या जागी पाहत असतो, किंवा ज्याला चेसिस नंबर समजतोय तो दुसराच कुठला तरी आकडा असतो. चौथी शक्यता सर्वात त्रासाची: गाडीवरचा नंबर बरोबर आहे, आरसीतच चाळीस वर्षांपूर्वी चुकीचा उतरलाय. या चारही गोष्टी गाडीला हात न लावता बऱ्याच अंशी ओळखता येतात. म्हणून पॉलिश पेपर आणि रिमूव्हर बाहेर काढण्याआधी कागद बाहेर काढा.

आधी कागद

स्मार्ट कार्डावर विसंबू नका. जुन्या गाडीची नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरातून आरसी बुकात, तिथून दुसऱ्या आरटीओच्या रजिस्टरात, मग संगणकात अशी उतरत आलेली असते, आणि प्रत्येक उतरणीला चूक व्हायची संधी असते. हस्ताक्षरातला एक आणि सात, तीन आणि आठ, पाच आणि इंग्रजी एस, शून्य आणि इंग्रजी ओ, या जोड्या कायम घोटाळा करतात. सुरुवातीची अक्षरं गाळून नुसते आकडे लिहिणं हाही त्या काळचा सर्रास प्रकार. जुनं पुस्तकी आरसी, जुन्या विमा पॉलिस्या, टॅक्स टोकन, बँकेचं कर्ज असल्यास त्याची पत्रं, परदेशातून आलेली गाडी असल्यास कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री, हे सगळं एका टेबलावर मांडा आणि प्रत्येक कागदावरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर एकाखाली एक लिहून काढा. आकडा नेमका कोणत्या साली बदलला ते बहुधा तिथंच सापडतं.

कागद अपुरे असतील तर बी एक्स्ट्रॅक्ट काढा, म्हणजे आरटीओच्या मूळ नोंदणी रजिस्टरातला उतारा. तो शक्यतो गाडी पहिल्यांदा जिथं नोंदली गेली त्या कार्यालयातून हवा. एमआर किंवा एमएमने सुरू होणारा तीन अक्षरी जुना मुंबईचा नंबर असेल आणि गाडी आज कोल्हापुरात असेल, तर कोल्हापूरचा उतारा म्हणजे नकलेची नक्कल. गोव्याच्या जीडी मालिकेतल्या गाड्यांनाही हेच लागू. परिवहनच्या ॲपवर चेसिस नंबर पूर्ण दिसत नाही, काही आकडे झाकलेले असतात. त्यामुळे ताळा पाहायला ते चालेल, पुरावा म्हणून नाही.

एक गैरसमज इथंच मोडून टाकू. चेसिस नंबर सतरा आकडी असलाच पाहिजे असं नाही. सतरा अक्षर-अंकांची पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, आणि आपल्याकडे ती त्याच्याही बऱ्याच नंतर रुळली. त्याआधी प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी होती. पाच आकडे असू शकतात, नऊ असू शकतात, मध्ये अक्षरं असू शकतात. विमा कंपनीच्या वेबसाइटवरचा एखादा फॉर्म सतरा घरं भरल्याशिवाय पुढे जात नाही म्हणून पुढे शून्यं किंवा एक्स लावून संख्या फुगवू नका. ती फुगवलेली संख्या पॉलिसीवर छापली जाते आणि पुढच्या हस्तांतरणात तुमच्याच गळ्यात पडते. अशा वेळी शाखेत जाऊन पॉलिसी हाताने करून घ्यावी.

गाडीची बांधणी कोणती, त्यावर जागा ठरते

कारखान्याने जो भाग ‘हीच गाडी’ म्हणून धरला, त्यावर नंबर ठोकला. खाली वेगळी लोखंडी चौकट आणि वर बॉडी अशी रचना असेल, उदाहरणार्थ जीप किंवा युद्धपूर्व गाड्या, तर नंबर चौकटीच्या लोखंडावर. मोनोकॉक असेल, म्हणजे बॉडी हीच चौकट, तर नंबर बॉडीच्या पत्र्यावर. अँबेसेडर आणि फियाट-पद्मिनी दोन्ही मोनोकॉक. या गाड्यांचा ‘चेसिस’ नंबर चेसिसवर शोधत खाली सरपटण्यात अर्थ नाही, कारण चेसिस म्हणून वेगळी वस्तूच नाही. बॉनेट उघडा आणि इंजिन व केबिन यांच्या मधल्या आडव्या पत्र्यापासून, म्हणजे फायरवॉलपासून सुरुवात करा. आधी रिव्हेट मारलेली पट्टी शोधा, मग तिच्या आसपास पत्र्यावरच ठोकलेले आकडे.

मोनोकॉक गाड्यांचं खरं दुखणंही हेच आहे. पत्रा सडला की गॅरेजवाला तेवढा तुकडा कापून नवा जोडतो, आणि नंबर भंगारात जातो.

डावी-उजवी बाजू नेहमी चालकाच्या सीटवर बसून पुढे पाहताना धरायची. मॅन्युअलमध्ये ‘उजवीकडे’ लिहिलेलं असतं आणि माणूस बॉनेटसमोर इंजिनाकडे तोंड करून उभा असतो. तासभर चुकीची बाजू घासणाऱ्यांची संख्या कमी नाही. ब्रिटिश पुस्तकांत निअरसाइड, ऑफसाइड असे शब्द येतात. निअरसाइड म्हणजे फुटपाथकडची, आपल्याकडेही डावीच.

काही गाड्या, नेमक्या जागा

फोक्सवॅगन बीटलचा नंबर सर्वात सोपा, तरी सर्वात जास्त चुकवला जाणारा. मागची सीट उचला. मधोमध जो उंच बोगदा मागे गेलेला दिसतो, त्याच्या माथ्यावर नंबर ठोकलेला आहे. तोच नंबर पुढच्या बॉनेटखाली, सामानाच्या जागेतल्या पट्टीवरही असतो. इंजिन नंबर मागे, जनरेटर ज्या स्टँडवर बसतो त्याच्या खालच्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या कवचावर. मागच्या सीटखालीच उजव्या बाजूला बॅटरी असते. तिचं ॲसिड सांडून फरशीचा पत्रा खाल्ला जातो, आणि कारागीर फरशी बदलताना बोगद्यापर्यंत ग्राइंडर नेतो. बीटलची फरशी बदलायला दिली तर आधी बोगद्यावर जाड टेप मारून वर मार्करने ‘हात लावू नये’ लिहून द्या.

बीटलचा नंबर वाचताही येतो, आणि आरसी तपासायला ते फार उपयोगी पडतं. ऑगस्ट १९६४ पासून, म्हणजे १९६५ च्या मॉडेलपासून, नऊ आकडे आले: पहिले दोन प्रकार सांगतात (११ म्हणजे सेडान, १५ म्हणजे उघड्या छताची), तिसरा मॉडेल वर्षाचा शेवटचा आकडा, उरलेले सहा क्रमांक. समजा नंबर ११७ ४२१ ३०५ असेल, तर ती १९६७ मॉडेलची सेडान. १९७० पासून वर्षाच्या आकड्यानंतर एक २ घातला गेला आणि आकडे दहा झाले, म्हणून ११० २ ने सुरू होणारा नंबर १९७० च्या मॉडेलचा. १९६४ पर्यंतच्या गाड्यांवर नुसता सलग क्रमांक आहे, सात आकड्यांपर्यंतचा. आरसीत बीटल १९६८ ची म्हणून लिहिली असेल आणि चेसिस नंबर आठ आकडी असेल, तर एक आकडा गळालाय हे गाडी न पाहताही सांगता येतं.

यात मेख एवढीच की मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होत असे. सप्टेंबर १९६६ मध्ये बनलेल्या गाडीचा तिसरा आकडा ७ असतो आणि आरसीत उत्पादन १९६६ चं असतं. यात विसंगती काही नाही. अर्जासोबत दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडलं की पुरतं. इंजिनाचं पहिलं अक्षरही ताळा देतं: डी म्हणजे १२०० सीसी, एफ १३००, एच १५००.

युद्धकाळातल्या जीपा आपल्याकडे डिस्पोजलच्या लिलावांतून भरपूर आल्या, आणि त्यांच्या नंबरांइतका गोंधळ क्वचितच दुसऱ्या कुठल्या गाडीत असेल. सारखी दिसणारी जीप दोन कारखान्यांनी बनवली, विलीसने एमबी या नावाने आणि फोर्डने जीपीडब्ल्यू या नावाने. विलीसचा चेसिस नंबर चौकटीच्या डाव्या लांब दांड्याच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरच्या लगेच मागे, एका लहानशा रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. फोर्डचा नंबर डाव्या दांड्याच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला असतो, पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचा ब्रॅकेट आणि इंजिन माउंट यांच्या आसपास. इंजिन नंबर दोन्हींत ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) उजव्या पुढच्या कोपऱ्यावरच्या सपाट उंचवट्यावर, ऑइल फिल्टरच्या मागे. फिल्टर न काढता तिथं प्रिंट घ्यायला गेलात तर बोटं सोलवटतील. चेसिस फोर्डची आणि इंजिन एमबी, असं आढळलं तर दचकू नका. फौजेच्या दुरुस्ती कारखान्यांत इंजिनं सर्रास इकडची तिकडे बसवली जात. प्रश्न फक्त आरसीत जे लिहिलंय ते गाडीत आहे की नाही, एवढाच.

जीपेतली आणखी एक अडचण आपल्या गॅरेजांनी तयार केली आहे. चौकटीला तडा गेला की वरून लोखंडी पट्टी वेल्ड करून मजबुती देतात. फोर्डचा शिक्का नेमका त्या पट्टीखाली जातो. अशी पट्टी दिसली तर वेल्ड कापण्याआधी तिच्या कडेने आत मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा घालून पाहा. बाजारात हजारभर रुपयांच्या आसपास मिळतो आणि पुढे दर वेळी कामाला येतो.

फोर्ड मॉडेल टी असेल तर चेसिस नंबरचा शोध थांबवा. जवळजवळ सगळी वर्षं त्या गाडीची ओळख इंजिन नंबरानेच व्हायची. तो ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाणी आत जाण्याच्या तोंडाच्या वर असतो. मॉडेल ए मध्ये इंजिनाचा नंबर साधारण त्याच जागी आणि दोन्ही टोकांना तारा असलेला. चौकटीवरचा नंबर डाव्या दांड्याच्या वरच्या अंगावर आहे खरा, पण तो बॉडीखाली दबलेला, बॉडी थोडी उचलल्याशिवाय दिसत नाही. या गाड्यांच्या आरसीत चेसिसच्या रकान्यात इंजिन नंबर लिहिलेला आढळणं ही चूक नव्हे. तेव्हा तीच रीत होती, अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही. इन्स्पेक्टरला हे तोंडी सांगून भागत नाही, कारखान्याच्या मॅन्युअलचं ते पान छापून सोबत न्या. पर्यायी ब्लॉक कोरे यायचे हेही लक्षात असू द्या. इंजिनावर नंबरच नसेल तर ते बदललेलं असण्याची शक्यता मोठी.

बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सीरिज इंजिनं, म्हणजे एमजी आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या कुळातली, यांचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला हेडच्या किंचित खाली, डायनॅमोच्या वरच्या भागात असतो. बऱ्याच इंजिनांवर तो वेगळ्या रिव्हेट मारलेल्या पट्टीवर आहे. ब्लॉक बोअरिंगला दिला की ही पट्टी उडते. मशीन शॉपमध्ये देण्याआधी तिचा फोटो काढून ठेवणं हे फुकटचं काम आहे.

१९६८-६९ च्या सुमारापासून अमेरिकेतल्या गाड्यांचा नंबर बाहेरून पुढच्या काचेतून दिसावा अशा जागी लावावा लागला, म्हणून त्यांचा नंबर डॅशबोर्डवर, बहुधा डाव्या टोकाला पाहावा. त्याआधीच्या शेवरोलेची पट्टी डाव्या पुढच्या दरवाजाच्या बिजागरीच्या खांबावर असते, दार पूर्ण उघडल्यावरच दिसते.

तो आकडा हा नंबर नव्हे

ब्लॉकवर उठावदार, म्हणजे बाहेर आलेले आकडे दिसले की लोक खूश होतात. तो साच्याचा आकडा. ब्लॉक ओततानाच आलेला, त्या प्रकारच्या हजारो ब्लॉकवर तोच. इंजिन नंबर आत रुतलेला असतो, पंचने ठोकलेला, आणि बहुधा मशीनने सपाट केलेल्या लहान चौकोनावर. नखाने चाचपून पाहा: नख आत अडकलं तर शिक्का, वर अडखळलं तर साचा. चुकीच्या प्रिंट घेऊन परत आलेल्या फायलींमध्ये ही चूक नेहमीची. एजंटला गाडीपाशी एकट्याला सोडलं की तो सर्वात मोठा दिसणारा आकडा घेऊन येतो.

जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या फायरवॉलवर फिशर बॉडीची पट्टी असते: स्टाइल, बॉडी, ट्रिम, पेंट असे रकाने. त्यातला बॉडी नंबर म्हणजे चेसिस नंबर नाही. बीएमसीच्या पट्ट्यांवर कार नंबर आणि बॉडी नंबर वेगळे असू शकतात. आरसीत हवा तो कार नंबर. फियाटच्या इटालियन पट्ट्यांवर ‘नुमेरो पेर रिकाम्बी’ असा एक रकाना असतो, तो सुटे भाग मागवण्यासाठीचा क्रमांक. जर्मन पट्टीवर ‘फाहरगेश्टेल’ शब्दाजवळचा आकडा तुमचा; ‘गेजाम्टगेविश्ट’ किंवा ‘आक्सलास्ट’ जवळचे आकडे किलोतली वजनं आहेत, आणि तीही आरसीत उतरवलेली सापडतात. गोव्यात १९६१ पूर्वी आलेल्या युरोपीय गाड्यांत हे विशेष पाहावं.

संस्थानिकांच्या रोल्स-रॉइससारख्या गाड्यांत चेसिस एका कंपनीची आणि बॉडी दुसऱ्याच कारागीर कंपनीची, बार्कर किंवा हूपरसारख्यांची. दाराच्या उंबऱ्यावर किंवा सीटखाली मिळणारा क्रमांक बॉडीवाल्यांचा. रोल्सचा चेसिस क्रमांक छोटा, अक्षरं आणि आकडे मिसळलेला असतो. त्या गाड्यांच्या चेसिसनिहाय जुन्या नोंदी इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबकडे जपलेल्या आहेत. मॉरिस, ऑस्टिन, एमजी यांच्या बऱ्याच वर्षांच्या उत्पादन नोंदींवरून गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम पैसे घेऊन प्रमाणपत्र देतं. त्यात मूळ इंजिन नंबरही असतो, म्हणून इथल्या वादात ते कामी येतं.

साफ करताना

शिक्क्याची खोली मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. ग्राइंडर, ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश, सँडब्लास्टिंग, ऐंशी नंबरचा पेपर, यांतलं काहीही दोन मिनिटांत नंबर कायमचा घालवू शकतं. आणि घासलेला नंबर इन्स्पेक्टरच्या नजरेला चोरीच्या गाडीच्या नंबरासारखाच दिसतो.

क्रम असा. आधी रॉकेल किंवा डिझेलने भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा, ग्रीस आणि डांबरासारखा मळ सुटतो. जुना टूथब्रश पुरेसा. मग नुसता रंग असेल तर जेल प्रकारचा पेंट रिमूव्हर लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ओढून काढा. हातमोजे हवेत, गॅरेजचं शटर उघडं हवं, वाफा वाईट असतात. रंगाचे तीन-चार थर असतात, म्हणून तीन-चार वेळा लावावा लागतो. घाईने खरवडू नका. लांबी भरलेली असेल तर ती रिमूव्हरने पूर्ण विरघळत नाही, फुगते. आकड्यांच्या खाचेतली लांबी बांबूच्या टोकदार काडीने उकरून काढायची. लोखंडी पोकर किंवा स्क्रूड्रायव्हरने नाही, कारण एक ओरखडा शून्याचा सहा करू शकतो.

गंज असेल तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम. त्यात भिजवलेलं सुती फडकं नंबरवर ठेवा, वरून प्लास्टिक लावून टेपने बांधा म्हणजे वाळणार नाही. दोन-तीन तासांनी उघडून पाहा, पितळी तारेच्या मऊ ब्रशने हलकेच पुसा, गरज असेल तर पुन्हा. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा आणि तेलाचं बोट फिरवा, नाहीतर तासाभरात तांबूस गंज परत चढतो. हे लोखंडी पत्रा आणि चौकटीसाठी. बीटलच्या क्रँककेसवर यातलं काहीही वापरायचं नाही. ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, ॲसिड तिला खातं. तिथं रॉकेल आणि ब्रश, बस्स.

स्वच्छ आहे, तरी वाचता येत नाही

दिवसा उजेडात समोरून टॉर्च मारून काही दिसणार नाही. अंधार करा, टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा, फोटो काढा. मग टॉर्च नव्वद अंशांनी फिरवून दुसरा. उभ्या रेघा एका फोटोत दिसतात, आडव्या दुसऱ्यात. तीन की आठ हा वाद बहुतेक वेळा दुसऱ्या फोटोत मिटतो. खडूची भुकटी किंवा टॅल्कम पावडर बोटाने चोळून वरची फुंकून टाकली तर खाचेत पांढरी राहते, हेही चालतं. शंका असलेला आकडा त्याच नंबरात दुसरीकडे आला असेल तर शेजारी ठेवून पाहा. एकाच पंचने ठोकलेल्या दोन तीनांची वळणं सारखी असतात.

आकडे थोडे तिरके, खालीवर असणं हा खोटेपणाचा पुरावा नाही. त्या काळी कामगार हातोड्याने एकेक पंच मारत असे. खटकायला हवं ते वेगळं: आकड्यांभोवती घासल्याच्या समांतर रेघा, तेवढ्याच जागी पातळ झालेला पत्रा, चौकोनी वेल्डची शिवण, दोन आकडे बाकीच्यांपेक्षा लहान किंवा वेगळ्या वळणाचे, पट्टीला मूळ रिव्हेटऐवजी चमकणारे नवे पॉप रिव्हेट. गाडी विकत घेत असाल आणि यांतलं काही दिसलं तर बयाणा देऊ नका.

घासून टाकलेला नंबर कधी कधी परत दिसू शकतो. पंच मारताना खालची धातूही दबलेली असते, आणि योग्य रसायनाने ती दबलेली जागा वेगळ्या गतीने खाल्ली जाते. पण हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं काम आहे, मुंबईत कलिनाची प्रयोगशाळा आहे तसल्या ठिकाणचं, आणि ते पोलिसांमार्फत होतं. इंटरनेटवर पाहून घरी ॲसिड ओतलं तर उरलासुरला पुरावाही जातो.

प्रिंट

जागा थिनरच्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा, तेलकटपणा राहिला तर कागद सरकतो आणि डाग पडतो. पातळ ट्रेसिंग पेपर चारही कडांनी टेपने चिकटवा. चार बी किंवा सहा बीची पेन्सिल आडवी धरून, शिशाच्या कडेने, एकाच दिशेने हलकी फिरवा. आकडे पांढरे आणि बाजूचं काळं उठलं पाहिजे. एचबी पेन्सिलीने दाबून घासलं की कागद फाटतो. पाच-सहा प्रिंट एकदम घेऊन ठेवा. अर्जाला, विम्याला, पुढच्या पासिंगला लागतात.

हातच जात नसेल, जसं जीपेच्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर, तर शिशाची भुकटी बोटाने शिक्क्यावर चोळा, रुंद पारदर्शक टेप दाबून चिकटवा, उचला आणि पांढऱ्या कागदावर लावा. आकडे सुलटे येतात. काही इन्स्पेक्टर हे मान्य करतात, काही समोर घेतलेली पेन्सिल प्रिंटच मागतात. आधी विचारून जावं.

सापडला, पण जुळत नाही

एका-दोन आकड्यांचा फरक, गळालेली अक्षरं, किंवा चेसिस-इंजिन रकान्यांची अदलाबदल, हे दुरुस्त होतं. बी एक्स्ट्रॅक्ट, जुने कागद, स्वच्छ प्रिंट, दोन दिशांच्या उजेडातले फोटो, गाडीचा संपूर्ण फोटो ज्यात नंबरची जागा ओळखू येते, आणि प्रतिज्ञापत्र, असा गठ्ठा घेऊन ज्या आरटीओत गाडी सध्या नोंदलेली आहे तिथं दुरुस्तीचा अर्ज करा. पासिंगची मुदत संपायच्या आठवड्यात हे सुरू करू नका. नूतनीकरणाचा पंचवीस नंबरचा फॉर्म मुदतीआधी साठ दिवसांच्या आत भरता येतो, पण नंबर दुरुस्तीला त्याच्याही आधी हात घालावा. दोन्ही अर्ज एकमेकांत अडकले की दोन्ही लटकतात.

इंजिन बदललेलं असेल आणि आरसीत जुनंच असेल, तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीतल्या बदलाच्या मंजुरीचा प्रश्न आहे. पेट्रोल अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिन घातलेल्या गाड्यांत हे हमखास निघतं, आणि तिथं इंधनाचा रकानाही चुकलेला असतो. इंजिन ज्याच्याकडून घेतलं त्याचं बिल नसेल तर मंजुरी फार अवघड जाते.

संपूर्ण नंबरच वेगळा निघाला तर व्यवहार थांबवा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो) वाहन समन्वय सेवेत चोरीच्या नोंदींशी दोन्ही नंबर ताडून पाहा, आरसीवरचाही आणि गाडीवरचाही. लोक फक्त आरसीवरचा तपासतात, आणि तो अर्थातच स्वच्छ निघतो.

पत्रा बदलताना नंबरच गेला

स्वतः पंच आणून ठोकू नका, आणि दुसऱ्या गाडीचा नंबरवाला तुकडा तर अजिबात जोडू नका. त्या क्षणी दुरुस्ती संपते आणि गुन्हा सुरू होतो. नंबर पुन्हा ठोकायचा असेल तर आरटीओची लेखी परवानगी आणि त्यांच्या देखरेखीखालचं पंचिंग हाच रस्ता. ही परवानगी काम करायच्या आधी मागितली तर सोपी जाते: सडलेल्या पत्र्याचे फोटो, शिक्क्याची प्रिंट, गॅरेजचं अंदाजपत्रक. कापलेला तुकडा फेकायचा नाही, तेल लावून फाइलसोबत ठेवायचा. शक्य असेल तर शिक्क्याभोवतीचा हातभर पत्रा जागेवरच राखून आजूबाजूचाच बदलावा, चांगला पत्राकाम करणारा हे करू शकतो. जास्त पैसे मागेल, द्यावेत.

पन्नास वर्षांवरच्या गाड्या

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्थितीतल्या खासगी दुचाकी-चारचाकींची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. व्हीए अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो, नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरण पाच हजार. यात राज्याची समिती गाडी तपासते, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. त्यामुळे इथं प्रिंटपेक्षा नंबरभोवतीचा मूळ पत्रा, मूळ रिव्हेट, मूळ रंगाचे अवशेष महत्त्वाचे ठरतात. समितीसमोर न्यायची म्हणून नंबरची पट्टी काढून चकचकीत पॉलिश करून आणणारे असतात. तसं करू नका. साफ करा, वाचता येईल एवढं पुरे.

पुन्हा हीच वेळ येऊ नये म्हणून

नंबर साफ झाल्यावर त्यावर मेणाचा पातळ हात किंवा पारदर्शक लॅकरचा एकच पातळ थर द्या. ग्रीस थापू नका, धूळ धरून दगड होतं. आरसीच्या पाकिटात एक कागद ठेवा: नंबरची जागा दाखवणारा फोटो, प्रिंट, आणि तिथं पोचायला काय काढावं लागतं ते. गाडी डेंटिंग-पेंटिंगला देताना पेंटरच्या समोर, तुमच्या हाताने, नंबरवर मास्किंग टेप लावा आणि जॉब कार्डावर तसं लिहून घ्या. प्रायमरनंतर एकदा चक्कर मारून टेप जागेवर आहे ना ते पाहा. टेप रंग मारताना निघत नाही, लांबी घासताना निघते.